सत्कारात बुडालेला प्रश्न

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. सांगायला बसलो की दुसरीच सांगून मोकळा व्हायचो. सूत्रसंचालनाच्या माझ्याजवळ खंडीभर गोष्टी आहेत. एका लग्नात नवरदेवाच्या जागी मी त्याच्या धाकट्या भावाचं नाव पुकारलं होतं ती. पुढाऱ्याचं भाषण ऐन रंगात असताना खांबाला बांधलेला वळू मंडपासकट पळाला ती. लोक हसून हसून बेजार होतात आणि मी घोटभर पाणी पिऊन घरी जातो. या गोष्टीलाही लोक हसतील. खरी अडचण तीच आहे. हिच्यात सगळं हसण्यासारखंच आहे, लिहिता लिहिता मलाही हसू येऊन राहिलंय, आणि तरी माझ्या हातून याच्यापेक्षा वाईट काम दुसरं झालेलं नाही.

मी मराठीचा मास्तर. शिरूर अनंतपाळच्या अंगाला एका मोठ्या खेड्यात हायस्कूलमध्ये नोकरी केली. रानही त्याच गावात, त्यामुळे निवृत्त झालो तरी गाव सुटलं नाही. माझा मित्र त्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. तो भीमनगरातला. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, वडील सालगडी, आणि हा घरातला पहिला पदवीधर. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. तो मला ‘मास्तर’ म्हणायचा, मी त्याला चारचौघांत ‘सर’ आणि एरवी ‘दोस्ता’. तो आधी विचार करायचा आणि मग बोलायचा. मी आधी बोलायचो, आणि मग चहा प्यायचो.

आमच्या शिवारात, लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक कारखाना आहे. डाळ, हळद, मसाले यांना किरणं देण्याचा. जाड भिंतींच्या एका खोलीत कोबाल्टच्या कांड्या असतात. मालाची खोकी त्या कांड्यांभोवती फिरून बाहेर येतात आणि मग मालाला कीड लागत नाही. काम नसलं की कांड्या खोल हौदात पाण्याखाली ठेवायच्या. ते पाणी हेच त्यांचं झाकण. हे सगळं मला मित्रानं समजावलं होतं. गावाला मात्र कोणीच समजावलं नव्हतं, म्हणून गावानं आपापलं समजून घेतलं होतं. कोणी म्हणे तिथली डाळ अंधारात चमकते. कोणी म्हणे तिथल्या वाऱ्यानं म्हशी आटतात. आमच्या आळीतला एक म्हातारा तर काठी टेकत थेट कारखान्याच्या गेटवर गेला होता.

“सायेब, हळदीला किरणं मारून राहिलात, तर माझ्या गुडघ्याला बी जरा मारा की,” तो म्हणाला. “तेवढीच आणखी एक गोणी समजा.”

भोंग्याची तर वेगळीच मजा. कारखान्यात काही बिघडलं तर आसपासच्या लोकांनी लांब जावं, यासाठी तो मोठा भोंगा बसवलेला. चालतो की नाही हे बघायला आठवड्यातून एकदा दुपारी वाजवायचे. शिवारातल्या बायांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला. भोंगा झाला की खुरपं खाली ठेवायचं आणि भाकरीचं फडकं सोडायचं. ज्या आठवड्यात तो वाजायला उशीर होई त्या आठवड्यात बाया कारखान्याला शिव्या घालत, “आज मेल्यांनी जेवायची सुट्टी दिली न्हाई.” मित्र हे सांगताना इतका हसायचा की चष्मा काढून डोळे पुसायचा. मग एकदम गंभीर होऊन म्हणायचा, “मास्तर, उद्या खरंच काही झालं तर अख्खं शिवार बांधावर बसून निवांत भाकरी खाईल.”

कारखान्याच्या परवान्याची मुदत संपत आली. परवाना वाढवून देणं हे मुंबईच्या मोठ्या ऑफिसचं काम. गावाला त्यात कोणी विचारत नाही. पण अधूनमधून पेपरात काहीबाही छापून यायला लागलं होतं, तेव्हा मॅनेजरनं ठरवलं की गावाची सभा घ्यावी, मुंबईचे साहेब तपासणीला येणारच आहेत तर त्यांनाही बसवावं, आणि गावाचा विरोध नाही असा ठराव सोबत जोडावा. सूत्रसंचालन माझ्याकडे. त्यात विशेष काही नव्हतं. आमच्या भागात बारशापासून बाराव्यापर्यंत माइक माझ्याकडेच असायचा.

सभेच्या आधी दोन-तीन दिवस मित्र आणि मी फाट्यावरच्या हॉटेलात बसलो होतो. भीमनगर कारखान्याच्या खालच्या अंगाला आहे, उतारावर. तिथं सगळ्यांना मिळून एकच बोअर. तो बोटानं टेबलावरच्या सांडलेल्या चहात रेघ ओढत बोलत होता.

“हौदातलं पाणी कमी होतं. उन्हाळ्यात होणारच, वाफ होते. ते वरून पाणी टाकून भरतात. पण पूर्वीपेक्षा आता टँकर जास्ती येऊन राहिलाय. मला एवढंच विचारायचंय, जितकं पाणी टाकता तितकी वाफ होते का? नसेल होत, तर उरलेलं जातं कुठं?”

“खाली,” मी म्हणालो.

“हाव. आणि खाली कोण आहे?”

“भीमनगर,” मी म्हणालो.

“परवाना देऊ नका असं मी म्हणत न्हाई,” तो म्हणाला. “हळदवाल्यांचं भलं होऊन राहिलंय, मला कळतं. मी म्हणतो तपासून द्या. आमच्या बोअरचं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासा, निकाल गावाला वाचून दाखवा, आणि मग खुशाल द्या. साहेबांच्या समोर एकदा विचारलं की त्यांना उत्तर द्यावंच लागंल. गल्लीतल्या पोरांना मी शब्द दिलाय की विचारीन. तू फक्त मला पहिल्यांदा बोलव.”

“पहिला तूच,” मी म्हणालो. “सत्कार झाले की पहिला तूच.”

“सत्कार थोडक्यात घे, मास्तर.”

“आरं, घेतो की थोडक्यात.”

तिथून उठताना आम्ही टाळी दिली, ती अजून माझ्या हाताला जाणवते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर माझ्या घरी आला. हैदराबादकडचा माणूस, मराठी गोड आणि मोडकी. माझा जावई त्याच्याच हाताखाली कामाला होता. लेक लातूरला राहायची, नातू तिथं क्लासला. मॅनेजर जावयाबद्दल चांगलंच बोलला. चहा घेतला, सुपारी घेतली आणि उठताना म्हणाला, “गुरुजी, प्रोग्राम रंगला पाहिजे. तुमच्याशिवाय कोण रंगवणार? प्रश्नबिश्न शेवटी घ्या ना. साहेबांना संध्याकाळी लातूरहून गाडी आहे.”

एवढंच. त्यानं मला धमकावलं नाही, कसलं आमिषही दाखवलं नाही. मित्राचं तर नावसुद्धा काढलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझ्यावर दबाव होता. नव्हता. मॅनेजरनं एक वाक्य टाकलं, आणि बाकीचं मी आपल्या हुशारीनं केलं. पाहुणा निघून गेला तेव्हा बायको म्हणाली, “काय म्हणत होता?” मी म्हणालो, “काही न्हाई, कार्यक्रम रंगवा म्हणाला.” आणि लगेच सत्काराची नावं काढायला बसलो.

आता मराठवाड्यातला सत्कार म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्यांना कसं सांगू? आमच्याकडे शाल, फेटा, नारळ आणि हार झाल्याशिवाय बोअरचं बटणसुद्धा दाबत नाहीत. आणि एकाचा केला की शेजारचा राहिला म्हणून रुसतो, त्याचा करावा लागतो, मग त्याच्या शेजारचा. सत्कार एकदा सुरू करणं सोपं, थांबवणं ब्रह्मदेवालाही जमत नाही. मला जमायचं. त्या दिवशी मी ते जमवलं नाही.

शाळेच्या मैदानात मंडप घातला होता. मुंबईचे साहेब तरुणच होते, साधे. आल्याबरोबर मला म्हणाले, “गुरुजी, मला भाषण करायचं नाही. लोकांना काय विचारायचंय ते ऐकायचंय.” मी म्हणालो, “हो साहेब, त्यासाठीच तर सगळा खटाटोप,” आणि माइक हातात घेऊन सुरू झालो.

“फुलाला असतो सुगंध, उसाला असते गोडी,
अशा माणसांची भेट होते आयुष्यात थोडी!”

ही शायरी माझीच. तहसीलदारापासून नवरदेवापर्यंत मी ती सगळ्यांना लावलेली आहे. टाळ्या पडल्या. साहेबांना फेटा बांधला. त्यांच्याबरोबर पांढऱ्या शर्टातला आणखी एक भारदस्त माणूस होता, त्यालाही मी “साहेबांचे ज्येष्ठ सहकारी” म्हणून वर बोलावलं. शाल घातली, हार घातला. त्यानं लोकांना शांतपणे नमस्कार केला आणि म्हणाला, “तुमचा रस्ता फार खराब आहे.” प्रचंड टाळ्या. नंतर कळलं, तो ड्रायव्हर होता. सबंध सभेत मुद्द्याचं तेवढं एकच वाक्य बोललं गेलं.

मग मॅनेजर. मग सरपंचबाई, आणि त्यांच्यापेक्षा आधी उठून उभे राहिलेले त्यांचे मालक. मग माजी सरपंच, त्याच्या आधीचे माजी सरपंच, आणि ‘भावी सरपंच’ म्हणून स्वतःच स्टेजवर चढलेला एकजण. खो-खोत जिंकलेल्या पोरी. पोळ्याला बैल चांगला सजवला म्हणून एक शेतकरी. जे आले नव्हते त्यांचाही सत्कार झाला, तो त्यांच्या भावांनी स्वीकारला. एकाला भाऊ नव्हता, त्याचा सत्कार त्याच्या साडूनं स्वीकारला आणि नारळ तिथंच पायरीवर फोडून खाल्ला.

शाली संपल्या. मी घाबरलो नाही. स्टेजच्या मागं दोन माणसं उभी केली. जो शाल घेऊन खाली उतरेल त्याच्या खांद्यावरून ती हळूच काढायची, घडी घालायची आणि पुढून पुन्हा ताटात ठेवायची. बराच वेळ हे चक्र झकास फिरलं. मग गुडघेवाल्या म्हाताऱ्याची पाळी आली. त्याचा सत्कार मी ‘विज्ञानावर श्रद्धा ठेवणारे ज्येष्ठ नागरिक’ म्हणून ठेवला होता. खाली उतरल्यावर त्यानं शाल घट्ट आवळली.

“आजोबा, शाल द्या,” मागचा माणूस म्हणाला.

“कामून?”

“पुढच्याला घालायचीय.”

“मंग त्याला दुसरी घाला. दिलेली शाल वापस मागता? ही काय लग्नातली भाड्यानं आणलेली भांडी हायेत व्हय?” आणि तो शाल ढुंगणाखाली घालून पहिल्या रांगेत बसला. लोक हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. साहेबसुद्धा हसले. फेटा त्यांना गरम होत होता, घाम गळत होता, पण ते हसले. मी तर ढगात होतो. इतका रंगलेला कार्यक्रम मी आयुष्यात केला नव्हता. एकेक वाक्य सुचत होतं आणि एकेक वाक्याला मंडप उसळत होता.

मित्र तिसऱ्या रांगेत बसला होता. मधूनमधून हात वर करायचा. मी माइकवरून म्हणायचो, “हो सर, आलोच!” लोक त्यालाही हसायचे. त्याच्या मागं भीमनगरातली पाच-सात पोरं उभी होती. ती हसत नव्हती.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. सभा आटोपायची वेळ मी डोळ्यांनी ओळखतो. त्या क्षणीसुद्धा मी मित्राच्या हातात माइक देऊ शकत होतो. प्रश्न विचारायला त्याला लागणार होता किती वेळ? एका सत्काराइतकाही नाही. मी म्हणालो, “आणि आता आजच्या समारंभाचा कळस! आपल्या गावाला विज्ञानाची दृष्टी देणारे, माझे परममित्र, आदरणीय सर!”

त्यानं मान हलवली. नको नको म्हणून हात हलवले. लोकांना वाटलं लाजतोय. दोघातिघांनी उचलूनच त्याला स्टेजवर आणलं. फेटा बांधणाऱ्याकडे उरलेला शेवटचा फेटा भलताच लांब होता आणि मित्राचं डोकं लहान. फेटा चष्म्यावर आला. खांद्यावर शाल, गळ्यात हार, उजव्या हातात नारळ, डाव्या हातात गुच्छ, आणि स्मृतिचिन्ह कोणीतरी त्याच्या काखेत खोचलं. हे ध्यान माइकपाशी आलं आणि म्हणालं, “मला एक...”

मी माइक काढून घेतला. “सरांच्या भावना अनावर झाल्यात!” मी म्हणालो.

हशानं मंडप दणाणला. काखेतलं स्मृतिचिन्ह पडू नये म्हणून तो वाकडा झाला होता. त्याला बघून मला स्वतःला हसू आवरेना. हसतच मी पुकारलं, “परवाना वाढवून देण्यास ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी हात वर करावेत!” नेमक्या त्याच वेळी त्याला काही दिसत नव्हतं म्हणून त्यानं नारळ धरलेला हात वर नेऊन फेटा डोळ्यांवरून मागं सारला. फोटो निघाला. हलगी वाजली. साहेब घाईघाईनं गाडीत बसले.

मैदान रिकामं झालं. मंडपवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. मित्र माझ्याजवळ आला. त्यानं नारळ माझ्या हातात दिला, गुच्छ दिला, काखेतलं स्मृतिचिन्ह काढून दिलं, आणि हात झटकून म्हणाला, “झालो मोकळा. विचारू का आता?”

मला तेही विनोदी वाटलं. मी हसलो.

तिसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. स्टेजवर मधोमध माझा मित्र, हार-फेट्यात, हात वर केलेला, आणि दात दिसतायत. फेटा सावरताना त्याचा चेहरा ताणला गेला होता. बघणाऱ्याला ते हसू वाटावं. खाली छापलं होतं की सरांसह सर्व ग्रामस्थांनी एकमुखानं पाठिंबा दिला. तो फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरला. पोरं त्याला रस्त्यात विचारायची, “सर, नारळ गोड निघाला का?” बोअरवर त्याची बायको घागर लावायला गेली की बाया बाजूला सरायच्या. “भरा वहिनी, तुम्ही भरा आधी. तुमच्या सायबांनी हात वर केलाय म्हनं, म्हंजे पाणी चांगलंच असनार.”

विहारात त्याला एकानं उभं करून विचारलं, “बोलायचं कबूल केलं होतंत. तुम्हाला अडवलं कोणी?” मी तिथं नव्हतो, मला नंतर कळलं. त्याला माझं नाव घेता आलं असतं. मी त्याला पहिला बोलावणार होतो, शब्द दिला होता, आणि मीच माइक काढून घेतला, हे त्यानं सांगितलं असतं तर पोरांनी मला जाब विचारला असता आणि त्याची सुटका झाली असती. तो म्हणाला, “वेळ संपली होती.” आणि खाली बसला.

ही गोष्ट कानावर आल्यावर मी त्याच्याकडे जायला निघालो होतो. चप्पल घातली, दारापर्यंत गेलो. मग वाटलं, आज त्याचं डोकं गरम असेल. उद्या जाऊ.

कारखान्याचा परवाना वाढला. मित्र गप्प बसला नाही. त्याचा एक जुना विद्यार्थी दूर शहरात एका प्रयोगशाळेत होता. मित्रानं बोअरचं पाणी बाटल्यांत भरून स्वतः नेऊन त्याला दिलं. निकाल आला. किरणांचा अंशही नाही, पाणी त्या बाबतीत स्वच्छ. त्यानं तो निकाल विहारात उभं राहून वाचून दाखवला. म्हणाला, “भीती खोटी निघाली, याचा मला आनंद आहे. पण हे मला माझ्या पायांनी जाऊन करावं लागलं. ते काम त्यांचं होतं. उद्याही विचारत राहा.”

मी त्या दिवशी पेढे आणले. खरंच आणले. बायकोला म्हणालो, “बघ, पाणी चांगलं निघालं! उगीच जिवाला घोर लावून घेतला मी.”

ती पेढ्याला शिवली नाही. “पाणी चांगलं निघालं म्हणून तुमचं वागणं चांगलं झालं व्हय?” ती म्हणाली. “उद्या वाईट निघालं असतं तर पेढे कुणाला वाटले असते?”

मी एकटाच पेढे खात बसलो. दोन खाल्ले. तिसरा परत खोक्यात ठेवला.

पुढं मित्र नांदेडला लेकीकडे राहायला गेला. गावात त्याचं मन लागेना. लोक विसरले होते, पण पोरांच्या तोंडी ‘नारळ सर’ हे नाव राहिलं होतं. मी ठरवलं, फोनवर माफी मागू. फोन लावला की तो म्हणायचा, “बोल मास्तर.” आणि मी विचारायचो, “नांदेडला पाऊस आहे का?” पावसाळ्यात हे चालून जायचं. उन्हाळ्यातही विचारायला लागलो तेव्हा तो म्हणाला, “मास्तर, हवामान खात्यात लागलास का?”

मग प्रत्यक्ष जायचं ठरवलं. अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड. बसमध्ये शेजारचा प्रवासी झोपला होता, म्हणून त्याच्यासमोर सराव केला. “दोस्ता, माझं चुकलं.” मग वाटलं, फार लहान वाटतं. “दोस्ता, त्या दिवशी मी जाणूनबुजून...” प्रवासी जागा झाला आणि म्हणाला, “काय झालं? माझ्यावर सांडलं का काही?” मी नांदेडला उतरलो. मित्राच्या लेकीनं पुरणपोळी केली होती. नातवंडांना माझ्या गोष्टी हव्या होत्या. वळूची सांगितली, नवरदेवाची सांगितली, सगळं घर हसलं, आणि मी शेवटच्या बसनं परत आलो. असं दोनदा झालं.

शेवटचा गेलो तेव्हा तो अंथरुणावर होता. मूत्रपिंडं थकली होती, चेहरा सुजला होता. मला बघून उठून बसला. लेक चहा ठेवायला आत गेली. मी म्हटलं, आता किंवा कधीच नाही. तोंड उघडलं. “दोस्ता, ती सभा...”

“आबाबाबा!” तो म्हणाला, आणि हसायला लागला. “त्या म्हाताऱ्यानं शाल ढुंगणाखाली घातली होती, आठवतं?”

“आठवतं. पण मी म्हणत होतो...”

“आणि तो ड्रायव्हर! ‘तुमचा रस्ता फार खराब आहे!’” तो पोट धरून हसायला लागला. “अरे, साडूनं नारळ फोडून खाल्ला! पायरीवर!”

मलाही आवरेना. आम्ही दोघं म्हातारे लहान पोरांसारखे हसलो. डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही, असे हसलो. लेक धावत बाहेर आली. “बाबा, त्रास होईल, हळू.” तिला बघून तो आणखी हसला. मी पुन्हा एकदा म्हणालो, “माझं ऐक तर खरं.”

“पुरे मास्तर,” त्यानं माझा हात दाबला. “पोट दुखून राहिलं.”

त्यानं मला माफ केलं होतं, की मला तोंड उघडू द्यायचं नव्हतं? पुष्कळ विचार केला मी. परतीच्या बसमध्ये तर मी खुशीत होतो. म्हटलं, झालं, मिटलं, इतकं हसल्यावर काय उरतं? लोहा गेल्यावर मला उमगलं की हसण्यात मी नेहमीच जिंकत आलो होतो, आणि आजही जिंकून परत चाललो होतो. त्याला विचारायचं होतं ते राहिलं तसंच मला सांगायचं होतं तेही राहिलं. फक्त माझ्या हातून माइक कोणी काढून घेतला नव्हता.

थंडीत तो गेला. नांदेडला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. त्याच्या लेकीनं माझ्या हातात माइक दिला. “काका, दोन शब्द बोला. बाबांना तुमचं बोलणं फार आवडायचं.” मी बोललो. त्याचा चष्मा, त्याची शिस्त, वर्गात मुलांना सूर्यग्रहण दाखवण्यासाठी त्यानं हेडमास्तरांच्या टकलाचा केलेला उपयोग, सगळं सांगितलं. लोक हसले, रडले. भीमनगरातली ती पोरंही आली होती, आता बापे झालेली. तीही हसली. ती सभा सोडून मी सगळं बोललो. मी गप्प बसलो आणि त्यांच्या लेखी तो फोटोतलाच माणूस राहिला.

म्हणून हे लिहून ठेवतोय, त्या पोरांनी वाचावं म्हणून. आणि त्याला जे प्रत्यक्ष सांगायचं होतं, तेही इथंच लिहितो, दुसरी जागा उरली नाही.

दोस्ता, वेळ संपली नव्हती. तुझ्या प्रश्नाला पुरून उरेल एवढी होती. मी ती मुद्दाम संपवली. तुला विचारायचं होतं ते बरोबर होतं, पाणी कसंही निघालं असतं तरी बरोबर होतं. तुझ्या माणसांसमोर मी तुला तुझा शब्द मोडायला लावला आणि वर तुलाच हसलो. मला माफ कर.